गे स्क्वेअर डान्सला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

चार जोड्या, आठ माणसं, चौकोनाच्या चार बाजू. माइकवरचा कॉलर संगीताच्या तालावर एकेक कॉल, म्हणजे पुढच्या हालचालीचं नाव, सांगतो आणि आठही जण तो तिथल्या तिथे नाचतात. अमेरिकेत नेहमीच्या क्लबांत पुरुषानं बाईसोबतच नाचायचं अशी रीत होती. गे आणि लेस्बियन मंडळींनी आपले क्लब काढले आणि 1983 मध्ये ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ गे स्क्वेअर डान्स क्लब्स’ ही संघटना उभी राहिली. आज सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, शिकागो, टोरोंटो अशा शहरांत हे क्लब आहेत. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी जायचं मनात आणलं असेल, तर हे आधी वाचा.

पहिली चूक घरीच होते: जोडीदार नाही, म्हणून जायचंच नाही. एकटे जा. नवख्यांच्या वर्गात अनुभवी नर्तक मुद्दाम येतात, त्यांना ‘एंजल’ म्हणतात, आणि ते तुम्हाला चौकोनात सामावून घेतात. तुम्ही गे असायलाच हवं असंही नाही. समलिंगी, ट्रान्स, त्यांचे मित्र, सगळ्यांचं स्वागत असतं. घेरदार झगा किंवा काउबॉय शर्टही लागत नाही. बूट मात्र गुळगुळीत तळाचे घाला. जाड रबरी तळ फरशीला चिकटतो आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो.

दुसरी चूक म्हणजे क्रम पाठ करायला बघणं. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझमीत पुढचा हात कुठला हे आधीच ठरलेलं असतं. इथे ते कॉलरशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. पाठ करायचा तो प्रत्येक कॉलचा अर्थ, आणि पायाभूत अभ्यासक्रमात असे साधारण 50 कॉल असतात. प्रत्येक धडा आधीच्या धड्यावर उभा असतो, म्हणून एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी थोडं लवकर जाऊन एंजलकडून ते कॉल करून घ्या.

आता सगळ्यांत जास्त गोंधळ जिथे होतो तिकडे येऊ. कॉलर अजूनही बऱ्याचदा ‘बॉइज’ आणि ‘गर्ल्स’ म्हणतो. गे क्लबात ही फक्त जागेची नावं आहेत: जोडीत डावीकडे उभा तो बॉय, उजवीकडे उभी ती गर्ल. साठीतले दाढीवाले गृहस्थ गर्ल असतात, त्यांच्या शेजारची तरुणी बॉय असते, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला या नाचातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तुम्ही कोण, हे तुमच्या देहावरून दुसरं कुणी ठरवत नाही. पण एकदा जागा निवडलीत की ती धरून ठेवा. ‘स्टार थ्रू’मध्ये बॉय उजवा हात देतो, गर्ल डावा, हातांची कमान होते आणि गर्ल तिच्याखालून जाते. दोघांनीही स्वतःला बॉय धरलं तर उजव्यावर उजवा आपटतो आणि कमानीखालून कुणीच जात नाही. म्हणून चौकोनात उभं राहण्याआधी शेजाऱ्याला सरळ विचारा, ‘मी डावीकडे की उजवीकडे?’ निदान पहिले काही महिने एकच बाजू शिका. पुढे दोन्ही बाजू नाचणारे पुष्कळ भेटतील.

जोडीचा क्रमांकही लक्षात ठेवा. कॉलरकडे पाठ असलेली जोडी पहिली, तिच्या उजवीकडची दुसरी, असं मोजत जायचं. पहिली आणि तिसरी ‘हेड्स’, उरलेल्या ‘साइड्स’.

‘स्क्वेअर थ्रू फोर’ हा कॉल तर नवख्यांना हमखास अडवतो. समोरच्याला उजवा हात देऊन पुढे निघायचं आणि जोडीदाराकडे पाव वळायचं. मग डावा हात, पाव वळण. पुन्हा उजवा, पाव वळण. शेवटी डावा हात देऊन पुढे जायचं आणि तिथेच थांबायचं, वळायचं नाही. चौथ्यांदा सवयीनं वळलात तर तुमचं तोंड भलतीकडे होतं आणि पुढच्या कॉलला समोर कुणीच नसतं. मनात ‘चौथ्याला सरळ’ म्हणत राहा.

चुकाल तेव्हा जागच्या जागी थिजू नका, आणि मान खाली घालून ‘सॉरी, सॉरी’ करत बसू नका. तेवढ्यात दोन कॉल निघून जातात आणि उरलेले सातही अडकतात. कुणी हात पुढे केला तर तो धरा. चौकोन पार मोडला, तर बाकीचे चौकोन समोरासमोर दोन ओळींत येईपर्यंत थांबा, तुम्हीही तशाच ओळी करा, बॉय डावीकडे, गर्ल उजवीकडे, आणि पुढच्या कॉलपासून नाचू लागा. वर्षानुवर्षं नाचणाऱ्यांचेही चौकोन मोडतात.

गे क्लबांत कॉलमध्ये गिरक्या, टाळ्या, ठेके अशी खास भर घालतात. ती बघून हात शिवशिवतात, पण मूळ कॉल वेळेत पुरा व्हायला लागेपर्यंत ती राहू द्या. कुणी तुम्हाला गिरकी द्यायला हात उंचावला आणि नको असेल, तर तो हात हळूच खाली आणा, समोरच्याला कळतं. मिठीही विचारूनच.

फोटोंबद्दल मात्र कडक राहा. कुणाच्या घरी अजून माहीत नसतं, कुणाच्या ऑफिसात. आपल्या नातेवाइकांचे व्हॉट्सॲप ग्रुप किती लांबवर पोचतात हे तुम्हाला ठाऊक आहे. चौकोनातल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय फोटो काढू नका, व्हिडिओ तर नाहीच.

आणि टिप, म्हणजे नाचाचा एक डाव, अर्ध्यात सोडू नका. एका टिपमध्ये आधी नुसत्या कॉलचा भाग असतो, मग कॉलर गाणं म्हणत कॉल देतो. गाण्यात फेरीगणिक जोडीदार बदलतो आणि चार फेऱ्यांनी पहिला जोडीदार परत मिळतो. मधूनच एक जण निघून गेला की सात जणांना काहीच करता येत नाही. दमला असाल तर पुढच्या टिपला खुशाल बसा. चक्कर आली किंवा पाय मुरगळला तर हात वर करून सांगा. बाहेर बसलेलं कुणीतरी लगेच तुमच्या जागी येऊन उभं राहतं.