बायोसची चिप बदलताना या चुका टाळा

बायोस म्हणजे संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, तो मदरबोर्डावरच्या छोट्या चिपमध्ये असतो. त्याच्या जागी कोअरबूट हा मुक्त पर्याय टाकायला नवी चिप लागणार असेल, तर जळगावला गोलाणी मार्केटला जाताना जुना बोर्डच सोबत न्या. शहाद्याहून किंवा चोपड्याहून कुरिअरने मागवणार असाल, तर भिंगाखाली चिपवरचा पूर्ण नंबर उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट. नुसतं ‘१२८ वाली द्या’ म्हटलं की घोळ होतो.

सगळ्यात महागात पडते ती व्होल्टेजची चूक. विनबॉन्ड कंपनीच्या चिपवर २५क्यू१२८ नंतर ‘एफव्ही’ किंवा ‘जेव्ही’ असेल तर चिप ३.३ व्होल्टची, ‘एफडब्ल्यू’ किंवा ‘जेडब्ल्यू’ असेल तर १.८ ची. दिसायला दोन्ही सारख्याच. १.८ च्या चिपला ३.३ दिले की ती जळू शकते. त्यातही स्वस्तातला काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचायचं-लिहायचं उपकरण) सांभाळून वापरा: पुरवठा ३.३ चा देतो, पण त्याच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. १.८ च्या चिपसाठी मधे अ‍ॅडॉप्टर हवाच.

चिपवरचा आकडा मेगाबिटचा असतो. ६४ म्हणजे ८ मेगाबाइट, १२८ म्हणजे १६. त्यापुढच्या २५६ च्या चिपला ४ बाइटांचा पत्ता लागतो. जुने चिपसेट तिथे अडकतात, म्हणून १२८ वर थांबा.

मोठी चिप लावली, फाइल जुनीच लिहिली आणि स्क्रीन काळी? डिस्क्रिप्टर (चिपची क्षमता आणि विभाग नोंदवणारा तक्ता) नसलेल्या बोर्डावर प्रोसेसर पहिली सूचना चिपच्या शेवटून वाचतो. तिथे ८ मेगाबाइटची फाइल १६ च्या चिपमध्ये शेवटी बसवा, तिच्या आधीची जागा एफएफने (रिकाम्या जागेच्या बाइटने) भरा. इंटेलच्या डिस्क्रिप्टरवाल्या बोर्डात मात्र फाइल सुरुवातीपासूनच लिहायची. वाढीव जागा हवी असेल तर कोअरबूटच्या आयएफडीटूल या साधनाने डिस्क्रिप्टरमधली क्षमता आणि विभाग बदलावे लागतात.

विनबॉन्डच्या जेव्हीएसआयक्यू आणि जेव्हीएसआयएम यांत शेवटच्या एका अक्षराने ओळख क्रमांक बदलतो: ईएफ४०१८ आणि ईएफ७०१८. फर्मवेअरला (बायोस किंवा कोअरबूटला) दुसरा माहीत नसेल तर सेटिंग जतन होत नाहीत.

रुंदीही मोजा: २०८ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चिप १५० च्या जागेवर बसत नाही.

जुनी चिप काढण्याआधी प्रोग्रॅमरने दोनदा वाचा, दोन्ही फाइलींचा एसएचए२५६ (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवा. बऱ्याच बोर्डांत नेटवर्कचा मॅक पत्ता तिच्यातच असतो, दुसऱ्या बोर्डाची फाइल त्याची भरपाई करत नाही. लिहिताना वीज गेली तरी घाबरू नका. बाहेरच्या प्रोग्रॅमरने चिप पुसून पुन्हा लिहिता येते.