पीएचपीतून मायएसक्यूएलला जोडणी: पीडीओ वापरताना काय ठरवून घ्यायचं

नेटवर अजूनही अशी ट्युटोरियल्स सापडतात, ज्यांत 'मायएसक्यूएल कनेक्ट' हे जुनं फंक्शन वापरलेलं असतं. ती सरळ बंद करा. तो अख्खा संच २०१३ च्या पीएचपी ५.५ मध्ये कालबाह्य ठरला आणि २०१५ च्या शेवटी आलेल्या ७.० मधून काढूनच टाकला. आज पीएचपीला डेटाबेसशी जोडायला हातात दोन पर्याय उरतात: मायएसक्यूएलआय आणि पीडीओ (पीएचपी डेटा ऑब्जेक्ट्स). मायएसक्यूएलआय फक्त मायएसक्यूएल आणि मारियाडीबीशी बोलतं. पीडीओ पूर्णपणे ऑब्जेक्टवर चालतं आणि ड्रायव्हर (त्या-त्या डेटाबेसशी बोलणारा भाग) बदलला की पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइटलाही जोडता येतं. नवा कोड लिहायचा तर पीडीओच घ्यावं. मात्र 'उद्या डेटाबेस बदलला तरी कोड तोच राहील' या भरवशावर राहू नका. पीडीओ तुमची क्वेरी एका डेटाबेसच्या बोलीतून दुसऱ्याच्या बोलीत बदलून देत नाही.

(फंक्शन आणि ऑप्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

आधी ड्रायव्हर आहे का ते बघा. टर्मिनलवर पीएचपी लिहून पुढे डॅश एम दिलं की चालू मॉड्यूलची यादी येते. तीत 'पीडीओ मायएसक्यूएल' दिसलं पाहिजे. उबंटूवर ते 'पीएचपी-मायएसक्यूएल' या पॅकेजातून येतं. यादीत नाव आहे, तरी ब्राउझरमध्ये 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर' येतंय? टर्मिनलचं पीएचपी आणि वेब सर्व्हरचं पीएचपी यांच्या सेटिंगच्या फाइली वेगळ्या असतात, कधी कधी आवृत्तीही वेगळी असते. पीएचपी-इन्फोचं पान ब्राउझरमधून उघडून खात्री करा आणि पॅकेज टाकल्यावर एफपीएम (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट करा.

डेटाबेसमध्ये वेबसाइटसाठी वेगळा युजर बनवा. रूट (सर्व अधिकार असलेलं खातं) वापरू नका. बहुतेक साइटना सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट एवढे चार अधिकार पुरतात.

आता जोडणी. पीडीओचा नवा ऑब्जेक्ट करताना चार गोष्टी द्यायच्या: डीएसएन (डेटाबेस कुठे आणि कोणता ते सांगणारी ओळ), युजर, पासवर्ड आणि ऑप्शनचा अ‍ॅरे. डीएसएनमध्ये आधी 'मायएसक्यूएल' आणि कोलन, मग होस्ट, डीबीनेम (डेटाबेसचं नाव), कॅरसेट (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) अशा जोड्या अर्धविरामाने वेगळ्या केलेल्या. पोर्ट ३३०६ असेल तर लिहायची गरज नाही.

जोडणी झाली नाही, तर एररचा नंबर वाचा. बहुतेक वेळा तोच सगळं सांगतो. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस नाही. १०४५ म्हणजे युजर-पासवर्ड जुळत नाही, पण त्या संदेशात युजरपुढे जे होस्टचं नाव येतं तेही बघा. मायएसक्यूएलच्या लेखी एकच युजर लोकलहोस्टवरून आला आणि दुसऱ्या मशीनवरून आला, तर ती दोन वेगळी खाती असू शकतात. २००२ सोबत 'नो सच फाइल' आलं, तर सॉकेटचा (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांना जोडणाऱ्या फाइलचा) घोळ आहे. लिनक्सवर होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' लिहिलं की जोडणी सॉकेटच्या फाइलमधून होते, '१२७.०.०.१' लिहिलं की टीसीपीवरून, म्हणजे नेटवर्कमार्गे. डेटाबेस डॉकरमध्ये (वेगळ्या कंटेनरमध्ये) असेल तर लोकलहोस्टने हमखास अडतं.

मराठी साइटसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग कॅरसेट. तो डीएसएनमध्येच द्यायचा, आणि तो 'यूटीएफ८एमबी४' हाच. मायएसक्यूएलमधलं जुनं 'यूटीएफ८' प्रत्येक अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतं. देवनागरीची चिन्हं बरोबर तीन बाइटची, त्यामुळे मराठी मजकूर त्यात बिनबोभाट बसतो आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी प्रतिक्रियेत इमोजी टाकतो आणि १३६६ क्रमांकाचा एरर येतो, कारण इमोजी चार बाइटचा. मोडी लिपीची चिन्हंही चार बाइटचीच आहेत, हे दप्तरं टंकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

टेबलचं कॅरसेट आणि जोडणीचं कॅरसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरा गोंधळ तिथेच होतो. टेबल यूटीएफ८एमबी४, पण जोडणी लॅटिन१ (युरोपीय अक्षरांचं जुनं कॅरसेट) राहिली, तर 'मराठी' या शब्दाचे पंधरा बाइट म्हणजे पंधरा युरोपीय अक्षरं आहेत असं समजून सर्व्हर ते पुन्हा एन्कोड करतो. वाचतानाही तीच चुकीची जोडणी असल्याने साइटवर मजकूर अगदी बरोबर दिसतो. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये उघडला की मात्र डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची रांग दिसते. दुसरी खूण म्हणजे शंभर अक्षरांचा कॉलम तेहतीस चिन्हांतच भरतो. हा डेटा परत मिळवता येतो: कॉलम आधी लॅटिन१ मध्ये, मग बायनरीत आणि तिथून यूटीएफ८एमबी४ मध्ये बदलायचा. हे टेबलच्या कॉपीवर करून बघा, थेट चालू टेबलवर नाही. याउलट टेबल लॅटिन१ आणि स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असेल, तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात. ती मात्र प्रश्नचिन्हंच राहतात. बॅकअप असेल तरच वाचलात.

ऑप्शनच्या अ‍ॅरेत तीन गोष्टी लिहून ठेवा. 'एररमोड' एक्सेप्शनवर, पीएचपी ८.० पासून हाच डिफॉल्ट आहे, पण त्याआधीच्या आवृत्त्यांत चूक झालेली क्वेरी गुपचूप फॉल्स देऊन मोकळी होते. 'डिफॉल्ट फेच मोड' असोसवर, नाहीतर प्रत्येक कॉलम नावाने आणि क्रमांकाने असा दोनदा येतो. आणि 'इम्युलेट प्रिपेअर्स' फॉल्स.

या तिसऱ्याबद्दल थोडं जास्त. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये हे मुळात चालू असतं, म्हणजे पीडीओ किमती स्वतःच क्वेरीत कोंबून तयार मजकूर पाठवतं. त्यात एक्झिक्यूटला अ‍ॅरेतून दिलेली प्रत्येक किंमत अवतरणचिन्हांत जाते, आणि 'लिमिट'च्या पुढे अवतरणातला १० आला की १०६४, म्हणजे क्वेरीच्या व्याकरणाचा एरर, ठरलेला. इम्युलेशन बंद केलं की हा त्रास जातो, पण एकच नामांकित प्लेसहोल्डर (किमतीसाठी सोडलेली, नाव दिलेली जागा) क्वेरीत दोनदा वापरता येत नाही. 'इनव्हॅलिड पॅरामीटर नंबर' येतो. दोन वेगळी नावं द्या.

युजरकडून आलेली कुठलीही किंमत क्वेरीच्या मजकुरात चिकटवू नका. आधी प्रिपेअर, मग एक्झिक्यूट, मग फेच. प्लेसहोल्डर फक्त किमतीच्या जागी चालतो. टेबलच्या, कॉलमच्या नावाला किंवा 'ऑर्डर बाय'च्या दिशेला चालत नाही. तिथे मान्य नावांची यादी कोडमध्ये ठेवून आलेलं नाव तिच्याशी ताडून घ्यायचं. 'इन'च्या कंसात जितक्या किमती तितकी प्रश्नचिन्हं लागतात. 'लाइक'मधली टक्क्याची खूण क्वेरीत नाही, तर किमतीतच जोडायची.

अपडेटनंतर 'रोकाउंट' शून्य आला म्हणजे रेकॉर्ड सापडला नाही असं धरू नका. आधीचीच किंमत पुन्हा लिहिली तरी मायएसक्यूएल शून्यच सांगतं.

पैशांच्या किंवा साठ्याच्या नोंदी बिगिन ट्रान्झॅक्शन आणि कमिटच्या मध्ये ठेवा आणि कॅचमध्ये रोलबॅक करा. टेबल ट्रान्झॅक्शन न पाळणाऱ्या मायआयसॅम इंजिनवर असेल, तर रोलबॅक कुठलीही तक्रार न करता काहीच करत नाही. इंजिन इनोडीबी आहे का ते एकदा तपासा.

प्रत्येक क्लासमध्ये नवा पीडीओ ऑब्जेक्ट बनवण्याची सवय वाईट. एका रिक्वेस्टला एकच ऑब्जेक्ट करा आणि बाकीच्या क्लासना तो कन्स्ट्रक्टरमधून द्या. दोन ऑब्जेक्ट म्हणजे दोन जोडण्या, आणि एकीवरच्या ट्रान्झॅक्शनचा दुसरीला पत्ता नसतो. शिवाय मायएसक्यूएलची मुळातली मर्यादा १५१ जोडण्यांची; गर्दीच्या वेळी १०४०, म्हणजे जोडण्या फार झाल्याचा एरर, येऊ लागतो.

जोडणी फसली तर कन्स्ट्रक्टर एक्सेप्शन टाकतो. ते पकडलं नाही आणि 'डिस्प्ले एरर्स' चालू असेल, तर ८.२ च्या आधीच्या पीएचपीत युजर-पासवर्डसकट सगळा ट्रेस पाहुण्यांना दिसू शकतो. लाइव्ह सर्व्हरवर ते बंद ठेवून एरर लॉगमध्ये घ्या, आणि पासवर्डची फाइल वेब फोल्डरच्या बाहेर ठेवा.

तासन् तास चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये २००६, म्हणजे 'सर्व्हर हॅज गॉन अवे', दिसला तर 'वेट टाइमआउट' (रिकामी जोडणी किती वेळ टिकवायची ती मर्यादा) बघा. तो मुळात २८,८०० सेकंदांचा असतो, शेअर्ड होस्टिंगवर बराच कमी असू शकतो. पीडीओ आपणहून पुन्हा जोडत नाही. एक्सेप्शन पकडून नवा ऑब्जेक्ट करावा लागतो, आणि ट्रान्झॅक्शन अर्धवट असेल तर ती पहिल्या क्वेरीपासून पुन्हा चालवावी लागते.