घरच्या घरी ओतकाम: पहिला धातू कोणता, पहिला साचा कसा?

धातू वितळवून बघायची हुक्की आली की बहुतेक जण आधी भट्टीच्या मागे लागतात. पत्र्याचा डबा कापायचा, आतून अग्निरोधक मातीचा लेप द्यायचा, ब्लोअर जोडायचा. हौस समजण्यासारखी आहे, पण क्रम उलटा आहे. पुरेशी उष्णता दिली की धातू वितळतोच, त्यात कौशल्य फार नाही. वस्तू बिघडते ती साच्यात. म्हणून सुरुवातीला इलेक्ट्रिक शेगडी आणि बिडाचं छोटं, दांड्याचं भांडं एवढ्यावर भागवा आणि सगळा जीव साच्याच्या वाळूत घाला.

कथिलापासून सुरुवात

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. जस्ताला ४२० अंश लागतात, अॅल्युमिनियमला ६६०, तांब्याला १०८५. कथिलात झालेली चूक त्यामानाने स्वस्तात सुटते, आणि फसलेला तुकडा पुन्हा भांड्यात टाकता येतो. मात्र शुद्ध कथील किंवा शिसेविरहित मिश्रधातूच घ्या. जुन्या सोल्डरमध्ये आणि जुन्या कथलाच्या भांड्यांत शिसं असू शकतं. शिशाच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. ओतकामाचं भांडं आणि पळी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही.

पितळ दिसायला मोहक, पण त्यातलं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पितळ वितळायचा टप्पाही त्याच्याच आसपास येतो. पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे, पत्रे, पाइप वितळवण्याच्या भांड्यात पडू नयेत ते याचसाठी.

खरा शत्रू ओल

पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,६०० पट जागा मागतं. वितळलेल्या धातूच्या पृष्ठभागाखाली पाण्याचा एक थेंब अडकला तरी वाफ वरचा धातू उडवून देते, आणि तो धातू चेहऱ्यावर येतो. त्यामुळे कोरडेपणाबाबत चालढकल नको. वितळलेल्या धातूत नवा तुकडा टाकण्याआधी तो भांड्याच्या कडेला ठेवून चांगला गरम करा. चमचा, ढवळायची सळई, उरलेला धातू ओतायचा लोखंडी साचा हे सगळं तापवूनच वापरा. गंजलेला साचा वरून कोरडा दिसतो, पण ओल धरून असतो.

काम उघड्यावर, पण पाऊस नसताना. खाली सिमेंटची फरशी असेल तर तिच्यावर पाचेक सेंटिमीटर कोरड्या वाळूचा थर पसरा. काँक्रीटवर गरम धातू सांडला तर आतल्या ओलीची वाफ होऊन त्याचे टवके उडतात. अंगावर जाड सुती कपडे, कारण सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, कातडी हातमोजे, कातडी बूट हवेतच. पँट बुटाच्या आत खोचू नका, बाहेरून सोडा. नाहीतर ओघळलेला धातू थेट बुटात उतरतो. सांडलेल्या धातूवर पाणी मारायचं नाही, त्यासाठी बादलीभर कोरडी वाळू जवळ असू द्या. भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं थंड पाणी, म्हणून नळ कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.

वाळू मळणं

आता ‘ओल शत्रू’ म्हणून लगेच ओल्या वाळूचा साचा सांगतोय, हे विचित्र वाटेल. पण इथे पाणी अगदी थोडं असतं आणि वाफेला कणांमधून बाहेर पडायला वाट असते. बारीक, चाळलेली वाळू घ्या. तिच्या वजनाच्या आठ-दहा टक्के बेंटोनाइट (पाणी लागलं की चिकट होणारी) माती कोरडीच मिसळा, धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावून. मग तीन-चार टक्के पाणी, फवाऱ्याने, थोडं थोडं. पुरणासारखं घोटून मळा आणि झाकून रात्रभर ठेवा.

तयार झाली का हे हातालाच कळतं. मूठभर वाळू दाबून उघडा. बोटांचे ठसे ठळक उमटले आणि तो मुटका मधोमध मोडल्यावर कडा न ढासळता दोन तुकडे झाले, तर वाळू जमली. तळहात ओला झाला तर पाणी जास्त आहे. कोरडी वाळू मिसळा आणि परत मळा. अशा वाळूत ओतायचं नाही.

साचा भरणं

पहिल्या वस्तूची एक बाजू सपाट असावी: ड्रॉवरची मूठ, लाकडी अक्षर, असं काही. ही वस्तू म्हणजे नमुना. त्याच्या बाजू सपाट बाजूकडून वरच्या दिशेला एक-दोन अंश निमुळत्या हव्यात, म्हणजे तो वाळूतून अलगद सुटतो. कुठेही आत वळलेला कंगोरा असला तर निघताना वाळू उपटून आणणार, हे नक्की.

तळ आणि झाकण नसलेल्या दोन सारख्या लाकडी चौकटी बनवा आणि एकीवर दुसरी नेमकी बसावी म्हणून खुंट्या लावा. नमुना फळीवर सपाट बाजू खाली करून ठेवा, भोवती पहिली चौकट. वर टाल्कची हलकी पूड भुरभुरा. नमुन्यावर चाळणीतून बारीक वाळूचा थर पाडा आणि बोटांनी दाबा. त्यावर उरलेली वाळू थराथराने टाकून ठोकळ्याने ठासा. कडा आधी, मध्य नंतर. वरची वाळू पट्टीने कापून सपाट करा आणि सगळं उलटवा.

आता नमुन्याची सपाट पाठ वर दिसेल. पुन्हा पूड, वर दुसरी चौकट. नमुन्यापासून दोन बोटं लांब एक गोल काठी उभी धरा, धातू ओतायची वाट ती. नमुन्याच्या सर्वांत जाड भागावर दुसरी काठी, ही रायझरची. थिजताना धातू आकसतो आणि जाड भाग शेवटी थिजतो, तेव्हा त्याला रायझरमधून जादा धातू मिळतो. वाळू ठासा, काठ्या फिरवून काढा, जाड सुईने हवेसाठी भोकं पाडा.

वरची चौकट सरळ वर उचला. नमुन्यात स्क्रू रुतवून चारी बाजूंनी हलक्या टिचक्या मारा, मग तो ओढून घ्या. ओतायच्या वाटेपासून पोकळीपर्यंत चमच्याच्या दांड्याने एक उथळ पाट कापा. सुटी वाळू फुंकून काढा, चौकटी जुळवा, वर वजन ठेवा. वजन विसरलात तर धातू वरची चौकट उचलून फटीतून पसरतो.

ओतणं

धातू किती लागेल? नमुना पाण्यात बुडवून किती मिलीलीटर पाणी सरकलं ते मोजा आणि ७.३ ने गुणा. तितके ग्रॅम कथील. वाटा आणि रायझर धरून त्याच्या दुप्पट तरी वितळवा, कारण मध्येच कमी पडलं तर सगळंच गेलं.

वितळलेल्या कथलात कोरडी लाकडी काडी क्षणभर बुडवा. ती हळूहळू तपकिरी झाली तर ओतायला हरकत नाही. लगेच धूर सोडून काळी पडली तर जास्त तापलंय. लेझरच्या थर्मामीटरवर विसंबू नका, चकचकीत धातूवर तो खोटं सांगतो. वरची मळी चमच्याने बाजूला सारा. भांड्याची चोच साच्याच्या तोंडाजवळ आणा आणि रायझरमध्ये धातू दिसेपर्यंत अखंड धार धरा. थांबून पुन्हा ओतलं तर दोन धारा एकजीव होत नाहीत. उरलेलं तापवलेल्या साच्यात ओतून लगड करा. वाळूतली वस्तू मात्र निदान अर्धा तास हलवू नका.

कडा गोलसर आणि अंगावर सुरकुत्या असल्या तर धातू थंड होता. टाचणीएवढी भोकं पडली तर वाळूत पाणी जास्त होतं किंवा हवेची भोकं कमी पडली. जाड भागावर खळगा दिसला तर रायझर मोठा करा.

नंतर अॅल्युमिनियम

कथलात चार वस्तू नीट निघाल्यावर भट्टी आणि ग्रॅफाइटची मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, घ्या. नवी मूस हळूहळू तापवून कोरडी करा आणि प्रत्येक धातूला वेगळी ठेवा. पोलादी डबा मूस म्हणून चालवू नका, अॅल्युमिनियम तो कुरतडतं. पेयांचे कॅन फार पातळ असतात, त्यांचा बराच भाग मळीत जातो. आधी ओतूनच बनवलेले जुने सुटे भाग चांगले, मात्र त्यात मॅग्नेशियमचा तुकडा नाही याची खात्री करा, तो पेटला तर विझवणं मुश्किल. अॅल्युमिनियम वितळलं तरी उजेडात लाल दिसत नाही, थंड तुकड्यासारखं चंदेरीच राहतं. ७००-७५० अंशांना ओता. जास्त वेळ तापत ठेवलं तर ते हायड्रोजन शोषतं आणि वस्तू सच्छिद्र होते.

वापरलेल्या वाळूचा धातूलगतचा करपलेला थर फेकून द्या. बाकीची चाळून, थोडं पाणी शिंपडून, झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.