पास्ता-बीन्सचं सूप दाट हवं? निम्मे दाणे वाटून घाला

इटलीतलं ‘पास्ता ए फाजोली’ हे सूप दाट करायला मैदा किंवा क्रीम लागत नाही, ते काम बीन्सचे दाणेच करतात. तिकडे बोरलोत्ती बीन्स घेतात. आपल्याकडे त्याच कुळातला चित्रा राजमा छान चालतो. वाटीभर राजमा रात्रभर भिजवा आणि पाणी बदलून कुकरला लावा. दाणा बोटाने सहज चुरडला पाहिजे. शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, चव त्यातच असते.

जाड बुडाच्या पातेल्यात ऑलिव्ह तेलावर कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. लाल नाही, नुसतं मऊ करायचं. घाई नडते ती इथेच. मग लसूण, रोझमेरीची काडी, दोन टोमॅटो. निम्मे दाणे त्यांच्या पाण्यासकट मिक्सरमधून काढून घाला, बाकीचे अख्खे. पार्मेजान चीजचं कडक साल उरलं असेल तर तेही उकळताना टाका आणि वाढण्याआधी काढा. (या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं, शाकाहारी मंडळींनी वगळावं.)

पास्ता छोटा हवा, डितालिनीसारखा, म्हणजे आखूड नळ्यांचा. नसेल तर स्पॅगेटी मोडून घाला. पण तो वाढायच्या जरा आधीच, उकळत्या सुपात. आधी घातलात तर सगळा रस पिऊन बसतो. उद्यासाठी ठेवायचं असेल तर सूप बिनपास्त्याचंच फ्रीजमध्ये ठेवा आणि गरम करताना थोडं पाणी वाढवा.