ऑब्जेक्टिव्ह-सी: प्रोटोकॉलमधली ऐच्छिक प्रॉपर्टी रनटाइममध्ये कशी ओळखावी

प्रोटोकॉल म्हणजे एखाद्या क्लासने कोणत्या मेथड आणि प्रॉपर्टी पुरवाव्यात याची घोषणा. ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २.० आवृत्तीपासून प्रोटोकॉलमध्ये '@ऑप्शनल', म्हणजे ऐच्छिक, विभाग लिहिता येतो. त्यातल्या मेथडसाठी मेटाडेटात स्वतंत्र यादी असते, प्रॉपर्टीसाठी मात्र ॲपलच्या रनटाइममध्ये (प्रोग्राम चालताना ही माहिती पुरवणाऱ्या लायब्ररीत) ती नाही. अनिवार्य आणि ऐच्छिक प्रॉपर्टी एकाच यादीत येतात, आणि 'प्रोटोकॉल_गेटप्रॉपर्टी'कडे अनिवार्य नसलेली प्रॉपर्टी मागितली तर हाती नेहमी 'निल' येते. म्हणून 'अनिवार्य' या जागी 'येस' देऊनच प्रॉपर्टी मागावी आणि ती ऐच्छिक आहे का, हे नंतर तपासावे.

सरावासाठी 'एनएसऑब्जेक्ट' प्रोटोकॉल घ्यावा, कारण त्यात 'डिस्क्रिप्शन' अनिवार्य आणि 'डीबगडिस्क्रिप्शन' ऐच्छिक आहे.

सर्वांत भरवशाची वाट गेटरमधून, म्हणजे प्रॉपर्टीचे मूल्य परत देणाऱ्या मेथडमधून, जाते. प्रॉपर्टीचा गेटर ही मेथडच असल्यामुळे तो ऐच्छिक मेथडच्या यादीत नोंदला जातो. 'प्रोटोकॉल_गेटमेथडडिस्क्रिप्शन'ला गेटरचा सिलेक्टर (रनटाइम मेथड ज्या नावाने ओळखतो ते), 'अनिवार्य'साठी 'नो' आणि 'इन्स्टन्स मेथड'साठी 'येस' द्यावे. परत आलेल्या स्ट्रक्चरमधले नाव रिकामे नसेल तर प्रॉपर्टी ऐच्छिक आहे. गेटरचे नाव मात्र गृहीत धरू नये. 'इझ'ने सुरू होणारी वेगळी नावे सर्रास दिलेली असतात, तेव्हा आधी प्रॉपर्टीचे 'जी' ॲट्रिब्यूट (वेगळ्या गेटरचे नाव सांगणारी नोंद) वाचावे आणि ते नसेल तरच प्रॉपर्टीचे नाव वापरावे.

क्लँग हा कंपायलर १६व्या आवृत्तीपासून ऐच्छिक प्रॉपर्टीच्या ॲट्रिब्यूटमध्ये '?' ही खूण घालतो, त्यामुळे काम सोपे झाले आहे. पण पूर्ण ॲट्रिब्यूट स्ट्रिंगमध्ये हे चिन्ह शोधण्याची चूक कटाक्षाने टाळावी: ब्लॉक (मूल्यासारखा साठवता येणारा कोडचा तुकडा) या प्रकाराच्या एन्कोडिंगमध्ये '@?' आणि फंक्शन पॉइंटरच्या एन्कोडिंगमध्ये '^?' असतेच, म्हणजे ब्लॉक असलेली प्रत्येक अनिवार्य प्रॉपर्टी ऐच्छिक ठरेल. त्याऐवजी 'प्रॉपर्टी_कॉपीॲट्रिब्यूटव्हॅल्यू'ला '?' हे नाव द्यावे. उत्तर 'नल' नसेल, भले ती रिकामी स्ट्रिंग असो, तर खूण आहे. मिळालेली स्ट्रिंग 'फ्री' करावी. जुन्या कंपायलरने बांधलेल्या लायब्ररीत ही खूण नसते, म्हणून ती न मिळाल्यास गेटरची तपासणी करावीच.

या दोन्ही तपासण्या केवळ प्रोटोकॉलमधली घोषणा सांगतात. प्रॉपर्टी वाचण्यापूर्वी, समोरच्या ऑब्जेक्टने ती खरोखर पुरवली आहे का, हे 'रिस्पॉन्ड्सटूसिलेक्टर'ने त्या ऑब्जेक्टलाच विचारावे, आणि तिथेही सिलेक्टर गेटरचाच द्यावा.