जुनं मॉडेल इंजिन उघडताय? आधी तेलाची बाटली लांब ठेवा

खेळण्यातल्या, विजेवर पळणाऱ्या आगगाडीचं बंद पडलेलं जुनं मॉडेल इंजिन हाती आलं की नवख्याचा हात पहिला जातो तो तेलाकडे. आता मला चीडही येत नाही, असं म्हणणार होतो, पण येते. चाकं फिरत नाहीत म्हणजे कोरडी पडली असणार, हा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात मूळचं ग्रीस मेणासारखं थिजलेलं असतं. त्यावर तेल ओतलं की इंजिन थोडा वेळ पळतं आणि गडी खूश होतो. मग तेच तेल ओघळत कम्युटेटरवर (मोटरच्या दांड्यावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) जातं, ब्रशच्या (त्यावर घासत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) भुकटीत कालवलं जातं आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटींत काळा चिखल बसतो. कार्बनमधून वीज जाते, त्यामुळे पट्ट्या आपसात जोडल्या जातात आणि मोटर तापते. गंज सोडवायचा स्प्रे आत मारणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मी आधी जुनं वंगण पार काढून टाकतो. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या आणि फटींसाठी लाकडी दातकोरणी. कम्युटेटरला पॉलिशपेपर लावू नका, ओरखड्यांनी ब्रश झिजतात. शेवटी बेअरिंगला सुईच्या टोकावर राहील एवढं तेल. कमी वाटलं तरी तेवढंच.

दुसऱ्या चुकीचा धनी मी स्वतः. ट्रायँग या ब्रिटिश कंपनीच्या एका इंजिनातली एक्स-झीरो-फोर मोटर मी हौसेने पूर्ण सुटी केली. चुंबक काढून कागदावर ठेवलं, आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) लखलखीत केलं, सगळं परत बसवलं आणि १२ व्होल्ट दिले. इंजिन जेमतेम रांगलं आणि जरा वेळात मोटरला बोट लावता येईना. तीन संध्याकाळी मी ब्रशच्या स्प्रिंगा आणि वायरी तपासत बसलो, आणि दोष होता त्या कागदावर ठेवलेल्या चुंबकात. या मोटरींतली अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेला मिश्रधातू) चुंबकं लोखंडी चौकटीतून मोकळी काढली की त्यांची बरीच ताकद जाते. चुंबक दुबळं झालं की मोटर करंट जास्त खाते आणि ओढते कमी. चुंबकत्व पुन्हा भरून घ्यावं लागलं. तेव्हापासून चुंबक जागेवरच ठेवून साफसफाई. काढायचंच झालं तर मऊ लोखंडाचा तुकडा त्याला आधी चिकटवायचा, मगच ते सरकवत बाहेर घ्यायचं.

बाकीच्या चुका थोडक्यात. मार्कलिन या जर्मन कंपनीची जुनी इंजिनं ए.सी.वर चालतात, साधी १२ व्होल्टची डी.सी. मोटर त्याच पुरवठ्याला जोडलीत तर ती नुसती गुणगुणेल आणि जळेल. ड्रायव्हिंग चाकं उगाच ओढून काढू नका: डाव्या-उजव्या बाजूच्या क्रँकपिनांत (चाकांवरच्या खुंट्या) ९० अंशांचा फरक असतो, तो हलला की त्यांना जोडलेले रॉड अडकायला लागतात. प्लॅस्टिकच्या बॉडीला अ‍ॅसिटोन लावाल तर ती विरघळेल. जुन्या अक्षरांवर अल्कोहोलही नको. आणि प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो काढा. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्यांचे उरलेले स्क्रू मी बरेच पाहिलेत.

सांगाडा फुगलेला किंवा तडकलेला दिसला तर मात्र गोंदाची नळी उघडू नका. सांगाडा ज्याचा ओतलेला असतो त्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली की तो आतून कुजत जातो. आज चिकटवलेली चीर पुढे दुसरीकडे फुटते. मी मोटर आणि चाकं काढून घेतो, डबीवर मॉडेलचं नाव लिहितो आणि धड सांगाडा मिळेपर्यंत ती कपाटात ठेवून देतो.