डोपिंग शिकताना या चुका टाळा

डोपिंग म्हणजे सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात (सेमीकंडक्टरमध्ये) दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडेसे अणू मुद्दाम मिसळणं. बारावीचे आणि डिप्लोमाचे पेपर तपासताना त्यावरचं एक उत्तर मला दरवर्षी भेटतं. मधोमध फॉस्फरस, भोवती चार सिलिकॉन, पाचवा इलेक्ट्रॉन बाजूला मोकळा. आकृती एकदम झकास. आणि खाली अधोरेखित करून: ‘म्हणून एन-टाइप अर्धवाहकावर ऋणप्रभार असतो.’ गेला मार्क.

फॉस्फरसचा अख्खा अणू उदासीन, सिलिकॉनही उदासीन. मग उदासीनात उदासीन मिसळल्यावर प्रभार येणार कुठून? पाचवा इलेक्ट्रॉन भटकायला निघाला तरी फॉस्फरसचा धन आयन जागेवर बसलेलाच असतो. बेरीज शून्य. ‘एन’ म्हणजे वीज वाहून नेणारे बहुतेक वाहक ऋण, एवढंच. बोरॉन घातलेल्या पी-टाइपमध्ये उलट: होल फिरतं, ऋण आयन जागेवर राहतो. (होल म्हणजे प्रोटॉन नव्हे, बंधातली इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. हेही लिहून येतं.)

दुसरी गफलत प्रमाणाची. डोपिंग म्हणजे भेसळ, असं समजून मुलं दहा-वीस टक्के गृहीत धरतात. सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ५×१०^२२ अणू असतात. त्यात फॉस्फरसचे १०^१६ अणू घातले, म्हणजे ५० लाखांत एक. एवढ्याशा चिमटीने रोधकता (पदार्थ विजेला किती अडवतो त्याचं माप) साधारण २,३०,००० ओहम-सेंटिमीटरवरून अर्ध्या ओहम-सेंटिमीटरपर्यंत उतरते. चार लाख पटींहून जास्त फरक! म्हणून तर डोपिंगआधी सिलिकॉन इतकं शुद्ध करावं लागतं; नको असलेली अशुद्धीही तेवढाच गोंधळ घालू शकते.

इलेक्ट्रॉन वाढले तर होल तेवढेच राहतील, हाही गैरसमज. समतोलात दोघांच्या संख्यांचा गुणाकार ठरलेला असतो. खोलीच्या तापमानाला शुद्ध सिलिकॉनमध्ये दोन्ही १.५×१०^१० धरले, तर वरच्या तुकड्यात इलेक्ट्रॉन १०^१६ आणि होल जेमतेम २२,५००. गणित करताना एकक मात्र बघा. हे आकडे दर घन सेंटिमीटरचे आहेत. पाठ्यपुस्तकात दर घन मीटरचे असले तर तोच १.५×१०^१० हा १.५×१०^१६ होतो. दोन्ही एकाच सूत्रात मिसळले की उत्तराला डोकं ना शेपूट.

मला सगळ्यात जास्त खटकणारं वाक्य वेगळंच आहे: ‘तापमान वाढलं की अर्धवाहकाचा रोध कमी होतो.’ शुद्ध अर्धवाहकासाठी खरं, कारण उष्णतेने बंध तुटून नवे वाहक सुटतात. पण डोप केलेल्या सिलिकॉनमध्ये खोलीच्या तापमानालाच जवळजवळ प्रत्येक फॉस्फरसने आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असतो, त्याला ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच पुरतात. सिलिकॉनचा बंध तोडायला मात्र १.१ लागतात. म्हणजे आणखी तापवून वाहक फारसे वाढत नाहीत, अणू मात्र जास्त थरथरतात, इलेक्ट्रॉनची वाट अडते आणि रोध चक्क वाढतो. बरंच तापवल्यावर, तुटलेल्या बंधांतले वाहक डोपिंगच्या वाहकांवर भारी पडले, की मगच तो घसरतो. परीक्षेत ‘शुद्ध’ हा एक शब्द घातलात तरी वाक्य वाचतं.

प्रॅक्टिकलला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा अर्धवाहक भाग) तपासताना मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून ०.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला की पोरं खूश. ०.२ किंवा ०.३ आला की ‘सर, डायोड उडाला’. थांबा, आधी डायोडवरचा नंबर वाचा. जर्मेनियमचा किंवा शॉटकी (धातू-अर्धवाहक जोडाचा) डायोड असेल तर तेवढाच आकडा यायला हवा. प्रोब उलटे लावा: मीटरने ओएल (मापाबाहेर, म्हणजे वीज जात नाही) दाखवलं तर डायोड ठणठणीत आहे. दोन्हीकडून शून्याजवळ आला तर मात्र शॉर्ट. आणि डायोड बोर्डावरच असेल तर एक पाय सोडवून पुन्हा मोजा, नाहीतर शेजारच्या रेझिस्टरचं पाप डायोडच्या माथी जातं.